गालातला घास

पाळणाघरातल्या मावशींनी डबा उघडून लेकीला न्यायला आलेल्या तिच्यापुढे धरला. सफरचंदाच्या चार फोडींपैकी तीन तशाच होत्या, कडेने तपकिरी पडलेल्या.

"एक फोड खायला पाऊण तास लावला हिनं," मावशी म्हणाल्या. "घास डाव्या गालात धरून बसते नुसती. गिळ म्हटलं की मान डोलावते आणि परत तेच. एकदा दाखवून घ्या कोणाला तरी."

"अहो मावशी, म्हणून तर खारू म्हणतो तिला!"

ती हसली. साडेचार वर्षांच्या खारूने लगेच दोन्ही हात छातीशी आणले, नाक आक्रसलं आणि फुगलेल्या गालावर बोटाने टिचकी मारून दाखवली. दारात बूट शोधणारे दुसरे दोन पालकही हसले. मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. डब्याचं झाकण लावता लावता त्या म्हणाल्या, "खार झाली तरी तिला दोन गाल असतात हो."

घरी येऊन तिने हे वाक्य नवऱ्याला नक्कल करून सांगितलं. दोघं पोट धरून हसले. खारूही हसली, आणि जेवताना तिने भाताचा घास नेहमीपेक्षा जास्त वेळ गालात धरला.

आठ महिने गेले.

एका शनिवारी सकाळी तिने दुधाचा कप टेबलावर ठेवला आणि मान वर केली. खारूचा उजवा गाल फुगला होता.

"अरे वा, आज बाजू बदलली का? काय लपवलंयस? बिस्किट?"

खारूने नकारार्थी मान हलवली.

"गिळ बघू आता. दूध गार होतंय."

खारू तिच्याकडे बघत राहिली. मग तिने तोंड उघडलं. जीभ, दात, ओली गुलाबी टाळू. तोंडात काहीच नव्हतं. गाल मात्र तसाच होता.

ती ओरडली नाही. तिने फक्त दोन बोटं त्या गालावर टेकवली. गाल गरम होता, ताणलेला, आतून कडक. खारूने डोळे मिटून घेतले, पण मागे सरकली नाही. ही बोटं कधी येतायत याची बरेच दिवस वाट बघत असल्यासारखी ती निश्चल उभी राहिली.

दातांच्या दवाखान्यात खिडकीपलीकडची मुलगी एक नाव पुकारत होती. दोनदा पुकारलं. तिसऱ्यांदा तिने फाइलवर बोट ठेवून मोठ्याने वाचलं, तेव्हा कुठे नवरा दचकून उठला. "अगं, आपलंच की!" दोघांनी तीन आठवडे भांडून ठरवलेलं, जन्मदाखल्यावर लिहिलेलं नाव. खारू खुर्चीत पाय हलवत बसली होती. तिला वाटलं, दुसऱ्याच कोणाला तरी बोलावतायत.

डॉक्टरबाईंनी एक्स-रे पडद्यावर लावला.

"उजवीकडची खालची दाढ. कीड आतल्या नसेला जाऊन भिडलीये, मुळाशी पू झालाय. हे काल-परवाचं नाही. सहा महिने तरी, जास्तही असतील." त्या खारूकडे वळल्या. "तू इकडच्याच बाजूनं खातेस ना गं? डाव्या?"

खारूने आईकडे बघितलं. आई पडद्याकडे बघत होती. किडलेल्या दाढेच्या खाली, हाडाच्या आत, अजून न आलेल्या पक्क्या दाताची फिकट सावली होती.

"पर्याय काय काय आहेत?" तिने विचारलं.

"आधी पाच दिवस औषध. सूज उतरू दे. मग माझं मत विचाराल तर रूट कॅनाल. दुधाच्या दाढेचंही करतात. आतली मेलेली नस काढायची, साफ करून भरायचं, वर स्टीलची टोपी. दोन खेपा होतील. ही दाढ तिला अजून पाच-सहा वर्षं लागणार आहे."

"आणि नाही केलं तर?"

"मग काढायची. काम दहा मिनिटांचं. पण जागा रिकामी राहिली की शेजारची दाढ त्यात कलते आणि खालून येणाऱ्या दाताची वाट बंद होते. म्हणून जागा धरून ठेवायला एक तार बसवावी लागते."

"रूट कॅनाल करूनही परत पू झाला तर?"

"होऊ शकतं. बहुतेकदा होत नाही. झालाच तर मग काढायची."

"आणि नुसतं औषध घेऊन थांबलं तर?" हे नवऱ्याने विचारलं.

डॉक्टरबाईंनी हातमोजे काढून डब्यात टाकले. "औषधानं सूज जाईल. दुखायचंही थांबेल. तेच वाईट आहे हो. सगळ्यांना वाटतं, बरं झालं."

त्या पाच दिवसांत घरात डुलक्या परत आला.

डुलक्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तिच्याहून चार वर्षांनी लहान. दहाव्या वर्षी तो एकाएकी कुठेही झोपू लागला. वर्गात, बसमध्ये, चमचा तोंडात तसाच ठेवून. एका वाढदिवसाच्या फोटोत सगळी मुलं मेणबत्त्यांकडे बघतायत आणि ज्याचा वाढदिवस तोच खुर्चीत मान टाकून झोपलाय. उठला की घटाघटा पाणी प्यायचा. "झोपतो आणि पाणी पितो, याला कुंडीतच लावा," असं बाबा म्हणायचे, आणि पाहुणे खो खो हसायचे. डुलक्या हे नाव तिने ठेवलं होतं. चौदा वर्षांची होती ती. नाव सगळ्यांना इतकं आवडलं की शाळेतले सरही त्याला तीच हाक मारू लागले.

सोळा वर्षांपूर्वी, इस्पितळातल्या त्याच्या तिसऱ्या आणि शेवटच्या दिवशी, रक्तातल्या साखरेचा कागद हातात धरून एका डॉक्टरने विचारलं होतं, "हा एवढा झोपतो, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही?"

लक्षात सगळ्यांच्याच आलं होतं. सगळ्यांनी त्याचं कौतुकही केलं होतं.

ती छापखान्यात औषधांच्या खोक्यांवरची छपाई तपासायची. हरवलेलं एक टिंब, पाचशेच्या जागी पन्नास, उलटी लागलेली तारीख, सगळं तिच्या नजरेत भरायचं. "हिच्या डोळ्यांतून मुंगी सुटायची नाही," असं तिचे साहेब नव्या माणसांना सांगत. त्याच आठवड्यात तिच्या टेबलावर साखरेच्या औषधाचा आतला घडीचा कागद आला. बारीक अक्षरांत लिहिलं होतं: फार तहान लागणे, सतत झोप येणे. कॉलेजात असताना शरीरशास्त्राच्या पुस्तकात हे पान आलं, तेव्हा तिने दोन पानं एकदम उलटली होती. आता उलटता येईना. तिने ती ओळ सात वेळा तपासली. चूक एकही नव्हती.

घरी जेवायच्या टेबलाला चार खुर्च्या होत्या. चौथीवर एरवी वाळलेले कपडे पडलेले असायचे. आता ती खुर्ची ती मोकळी ठेवू लागली, आणि मोकळी ठेवली की तिथे बघवत नसे. कोणीतरी मान टाकून बसलंय, हलकेच उठवलं की उठेल, असं वाटायचं. एकदा बोलता बोलता तिने नकळत आवाज खाली आणला. नवऱ्याने विचारलं, "कोण झोपलंय?"

मंगळवारी तिची आई राहायला आली. पिशवी खाली ठेवायच्या आत तिने खारूची हनुवटी धरून गाल उजेडात फिरवला.

"उतरलीये की सूज. अगं, दुधाची दाढ ती. आज ना उद्या पडणारच. एवढ्याशा पोरीच्या तोंडात मशीन कशाला घालायचं? होईल गं बरं."

"तसं म्हणू नकोस आई."

"काय म्हटलं मी?"

"होईल म्हणू नकोस."

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याने मध्ये पडायचा प्रयत्न केला. "आई, आमच्याकडे पण असंच असतं बघा. लिफ्ट कुरकुरायला लागली की लोक म्हणतात, म्हातारी झाली, बोलते आमच्याशी. तिला नाव ठेवतात, लाडानं हाका मारतात. मग एक दिवस चौथ्या मजल्यावर अडकले की मला फोन."

"मग तुमचं म्हणणं काय, जावईबापू? मशीन लावा?"

"डॉक्टर म्हणाल्या, वाचेल दाढ."

"बहुतेक वाचेल म्हणाल्या," ती म्हणाली. "काढून टाकू आपण. मुळासकट. आत काही राहायलाच नको."

"अगं, बहुतेकवरच तर चाललंय सगळं. मी रोज दोरावर लटकतो तो काय लेखी हमी घेऊन?"

"तू नको ना विनोद करूस आत्ता."

आईने पिशवीतून सुपारीएवढा लोकरीचा गुंडा काढला आणि खारूच्या मोज्याचं भोक बुजवायला बसली. कोणीही काही सांगितलेलं नसताना तिला घरातलं फाटकं बरोबर सापडायचं.

त्या संध्याकाळी दात घासताना तिने लेकीला पहिल्यांदा खऱ्या नावाने हाक मारली. खारूने ब्रश तोंडातून काढला.

"तू चिडलीयस?"

"नाही गं."

"मग असं का म्हणतेस?"

"तुझं नाव आहे ते."

खारूने आरशातल्या आईकडे बघितलं. "दाढ गेली की मी खारू नसणार का?"

ती बाथरूमच्या ओल्या फरशीवरच खाली बसली. आता दोघींचे डोळे एका पातळीवर आले.

"कधीपासून दुखतंय तुला?"

"तेव्हापासून."

"तेव्हा म्हणजे कधी? आणि मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं," खारू म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, एखाद्याने रस्ता सांगावा तसं. "घास इकडे ठेवून दाखवला तुला. तू हसलीस. बाबा पण हसला. मग मी परत दाखवला."

नळ चालूच होता. तिने तो बंद केला. मग काय करायचं ते न सुचून परत चालू केला आणि लेकीचा ब्रश धुतला, दोनदा.

गुरुवारी दवाखान्यात जाताना आईही चप्पल घालून तयार होती. तिला कोणी चल म्हटलं नव्हतं.

"तू कशाला दगदग करतेस?"

"घरी बसून काय भिंती मोजू?"

गालावरची सूज पूर्ण उतरली होती. खारू सकाळी टोस्ट खाऊन आली होती, तोही डावीकडूनच, पण पटकन. आदल्या दिवशी पाळणाघरातून निघताना मावशींनी तिच्या गालाकडे बघून मान हलवली होती. नवरा खिडकीपाशी कागद भरत होता. तो परत येऊन हळूच म्हणाला, "बघ ना, किती मस्त दिसतेय. अजून पंधरा दिवस थांबून बघितलं तर?"

"नाही."

"बरं. मग रूट कॅनाल लिहू?"

"काढायची, असं लिही."

तो पेन घेऊन तसाच उभा राहिला. "अगं पण का? त्या स्वतः म्हणतायत की..."

"वर टोपी बसवणार. चकचकीत. आत काय चाललंय ते कोणाला दिसणार? सगळे म्हणतील, बघा खारूचा चांदीचा दात. अजून एक कौतुक." तिने मांडीवरची पर्स घट्ट धरली. "मला नकोय काही झाकलेलं. रिकामी जागा दिसू दे तोंडात. मला रोज दिसू दे."

समोरच्या बाकावर खारू मासिकातल्या हत्तीला बोटाने रंगवत होती. नवऱ्याने सासूकडे बघितलं. आई भिंतीवरच्या जबड्याच्या चित्राकडे बघत बसली होती. मग तिने एक नाव घेतलं.

डुलक्याचं खरं नाव.

सोळा वर्षांत ते घरात कोणी उच्चारलं नव्हतं. माहेरच्या भिंतीवरच्या फोटोखालीही 'आमचा डुलक्या' असंच लिहिलेलं होतं. ते नाव आईच्या तोंडातून इतकं साधं बाहेर पडलं, की तिला आधी कळलंच नाही कोणाबद्दल चाललंय.

"त्याच्या चड्डीची बटणं दोनदा आत घेतली मी," आई म्हणाली. "एका महिन्यात दोनदा. पोरगं वाढायच्या वयात बारीक होत चाललंय, आणि मी सुईदोरा घेऊन बसलेय. दिसत होतं गं मला. बाटल्याच्या बाटल्या पाणी प्यायचा, दिसत होतं. रात्री उठून त्याचा तांब्या भरून ठेवायचे मी. मग तू ते नाव ठेवलंस."

"आई, नको."

"ऐक. तू नाव ठेवलंस आणि मला बरं वाटलं. वाटलं, नाव पडलंय म्हणजे आजार नाही, स्वभाव आहे. मी जास्तच मोठ्यानं हसायचे. तुझ्या लक्षात नसेल."

तिच्या लक्षात होतं.

"तू चौदा वर्षांची होतीस. आई मी होते." आईने भिंतीवरची नजर काढून तिच्याकडे वळवली. डोळे कोरडे होते, पण हात मांडीवर एकमेकांना चोळत होते, थंडी वाजत असल्यासारखे. "त्याच्यापायी आता हिची चांगली वाचणारी दाढ उपटू नकोस. ती दाढ तुझी नाही, हिची आहे. वाचव. आणि मग रोज तोंड उघडायला लावून बघ. पोरगी वैतागेपर्यंत बघ."

पलीकडे कोणाच्या तरी तोंडात पाण्याचा फवारा सुरू झाला आणि थांबला. नवऱ्याने कागद गुडघ्यावर ठेवला. तिने त्याच्या हातातून पेन घेतलं. लिहायला थोडा वेळ लागला. डोळ्यांतून मुंगीही न सुटणाऱ्या बाईला कागदावरची ओळ सापडत नव्हती.

खुर्ची हळूहळू आडवी झाली. खारू त्या मोठ्या खुर्चीत अर्ध्याहून कमी जागेत मावली. आई तिच्या पायाशी बसली, एक तळवा हातात धरून. आजी दारात उभी राहिली. तिला आत येऊ नका असं कोणी म्हटलं नाही.

सुई टोचली तेव्हा तळवा हातातल्या हातात आकसला. मग गाल बधिर झाला. डॉक्टरबाईंनी छोटा आरसा दाखवला, मशीन दाखवलं, तिच्या नखावर फिरवून दाखवलं.

"आता हे बघ. जरा जरी दुखलं, नको वाटलं, तर डावा हात वर करायचा. की मी थांबले. कळलं?"

खारूने मान डोलावली.

मशीन सुरू झालं. पाच-सहा सेकंद गेले असतील. डावा हात वर गेला.

मशीन लगेच बंद झालं. "दुखलं? बरं. थांबू या." डॉक्टरबाई थांबल्या. हात खाली आला. त्यांनी पुन्हा सुरू केलं.

पुन्हा हात वर. पुन्हा सगळं शांत.

पायाशी बसलेली ती पुढे वाकली. भूल नीट लागली नसेल का? काढूनच टाकायला हवी होती का? ती उठणार, इतक्यात तिसऱ्यांदा हात वर झाला. डॉक्टरबाईंनी मशीन बाजूला ठेवलं आणि मास्क खाली केला.

"खरं सांग हं. कसं दुखतंय? टोचतंय की ठणकतंय?"

खारूने तोंडातला कापूस जिभेने बाजूला सारला. शब्द बधिर ओठांतून लडबडत आले.

"दुखत नाहीये."

"मग हात का वर केलास?"

"तुम्ही खरंच थांबता का, बघत होते."

खोलीत कोणी हसलं नाही. डॉक्टरबाईंनी मास्क वर घेतला. "थांबते मी," त्या म्हणाल्या. "कितीही वेळा बघ." आणि खारूने आणखी दोनदा बघितलं. दोन्ही वेळा मशीन थांबलं. मग तो हात पोटावर येऊन पडला आणि काम संपेपर्यंत तिथेच राहिला, सैल, उघडा.

हे वाचून झालं की एवढं करा. तुमच्याही घरात कोणीतरी असेल, ज्याच्या एका सवयीवर सगळे प्रेमाने हसतात. कदाचित त्या सवयीवरून त्याचं नावही पडलं असेल. त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, हे कधीपासून? आणि उत्तर येईपर्यंत हसू नका.